नुसतं ऐकायचे पाचशे रुपये?

हो, पाचशे. पार्ट एकही न बदलता, फक्त 'गाडीला काय झालंय' एवढं सांगायचे पाचशे रुपये. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर ते फारच कमी आहेत.

गेले काही दिवस आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या पाचशे रुपयांवरून महाभारत चालू आहे. तिकडे लिहून उपयोग नाही (मी काही लिहिलं की लगेच कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं), म्हणून हा वीकएंड इथे खर्ची घालतोय. इंजिन म्हटलं की ज्यांना जांभई येते त्यांनीही थोडं थांबावं, कारण ही खोड तुमच्या-माझ्यासारख्या लॅपटॉपवाल्यांना जास्त आहे.

खोड अशी की आपण वस्तूचे पैसे देतो, निदानाचे देत नाही. गॅरेजवाल्याने बेअरिंगचा सेट टाकला की बिल मुकाट्याने भरतो. त्याच माणसाने तासभर डोकं लावून 'बेअरिंग टाकायची गरज नाही' असं सांगितलं, तर त्याला काय मिळतं? चहा. तोही बऱ्याचदा त्यानेच मागवलेला. मग पुढच्या वेळी त्याने काय सांगावं अशी आपली अपेक्षा आहे?

पार्श्वभूमी सांगतो. माझे मामेभाऊ, म्हणजे आमचे दादा, भातकुलीला असतात. भातकुली म्हणजे अमरावतीच्या पश्चिमेला, अर्ध्या तासावरचं तालुक्याचं गाव. बाहेरचे लोक तिथे जैन मंदिरासाठी येतात. बाकी कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा आणि जमिनीखाली खारं पाणी. (हे खारं पाणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) दादा शेती करतात आणि जोडधंदा म्हणून एक डिझेल सवारी गाडी चालवतात. सोयाबीनचे पैसे हातात आले तशी जुनी गाडी विकून दुसरी घेतली, तीही जुनीच. २०१२ सालची, जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाची. एका डीलरकडून घेतली, नाव विचारू नका. घेताना दुपारचे दोन वाजलेले, इंजिन आधीच चालू करून गरम करून ठेवलेलं, बॉनेटच्या आत सगळं पुसून लख्ख.

पाचव्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि इंजिनातून ठक-ठक-ठक-ठक. कोरडा, लोखंडी आवाज. कुणी आतून हातोडी मारतंय असा.

मग मतं जमायला लागली. डीलरच्या माणसाने फोनवर सांगितलं, "डिझेल आहे भाऊ, आवाज तं करनच." मेहुण्यांनी सांगितलं, जाडं ऑइल टाका, वरून ती बाटली मिळते ना, ती ओता. अमरावतीच्या एका गॅरेजवाल्याने चालू गाडीजवळ पाच मिनिटं उभं राहून निकाल दिला की कनेक्टिंगचं बेअरिंग गेलं, हाफ इंजिन करावं लागेल, सत्तर हजार धरून चाला. पाहायचे पैसे घेतले नाहीत हो, अगदी फुकट सांगितलं! दादांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो मित्राचं ब्लूटूथवालं स्कॅनर घेऊन आला आणि अर्धा तास डॅशबोर्डखाली डोकं घालून बसला. त्या गाडीला स्कॅनर लावायचं सॉकेटच नाही, हे त्यानंतर कळलं.

सत्तर हजार हा आकडा तुमच्यासाठी एका फोनचा असेल. दादांसाठी तो पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खत आहे.

गावात एक वयस्कर मिस्तरी आहेत. ट्रॅक्टर आणि शेतातली डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. दादा गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले तर ते जागचे उठले पण नाहीत. म्हणाले, "गरम करून कायले आनली? आज रातभर इथीच उभी राहू द्या. सकाळी सहाले या. अन् आधीच सांगतो, पाचशे रुपये लागतीन. पार्ट बदलो का नाई बदलो."

मी नेमका सुट्टीवर होतो. सहाला दादांबरोबर गेलो. डिसेंबरची थंडी, मफलर वगैरे. पुढचे तीन तास जे पाहिलं त्याला आपल्या ऑफिसात फार मोठी मोठी इंग्रजी नावं आहेत आणि त्यासाठी क्लायंटला डॉलरमध्ये बिल जातं.

आधी हे रात्रभर उभी ठेवण्याचं प्रकरण. थंड इंजिनात पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट जास्त असते. बोअर झिजला असेल तर थंड पिस्टन बाजूला आपटतो आणि आवाज येतो. इंजिन तापलं की पिस्टन फुगतो, फट कमी होते, आवाज विरतो. बेअरिंगचं बरोबर उलटं. थंडीत ऑइल दाट असतं, ते झिजलेल्या बेअरिंगला थोडंफार सांभाळून घेतं. ऑइल तापून पातळ झालं की ठोका मोठा होतो. एक्झॉस्टच्या जोडात गळती असेल तर थंडीत टक-टक येते आणि लोखंड तापून जोड बसला की कधी कधी ती आपोआप थांबते. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत आवाज वाढतो की कमी होतो, यातच अर्धं निदान आहे. आणि दुपारी दोन वाजता गरम गाडी दाखवणारा नेमकी हीच दहा मिनिटं आपल्यापासून लपवतो. जुनी गाडी घेताना टायर बघता, सीट बघता, म्युझिक सिस्टिम तर नक्कीच बघता. थंड इंजिन कुणी बघतं का? (वऱ्हाडात तर मे महिन्यात सकाळी सहालाही इंजिन म्हणावं तसं थंड नसतं, त्यामुळे उन्हाळ्यात गाडी घेणाऱ्याने जास्तच जपून राहावं.)

मिस्तरींनी गाडी चालू करवली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग पट्टा काढून काही सेकंद चालवून पाहिली. पट्टा काढला की अल्टरनेटर थांबतो आणि त्याच पट्ट्यावर असेल तर पाण्याचा पंपही. आवाज तसाच, म्हणजे ती मंडळी निर्दोष. मग दादांना ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच किंचित सोडायला लावला आणि इंजिन किती उचललं जातंय ते पाहिलं. इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसवलेलं असतं ती तुटली तर इंजिन चेसिसला आपटतं, आणि तो ठोका आतून आल्यासारखा ऐकू येतो. तेही ठीक निघालं.

मग ठेका. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका टॅपेटची टकटक मिनिटाला ४०० वेळा येणार. एका सिलेंडरमधल्या जळण्याचा ठोकाही ४०० वेळा. क्रँकशी बांधलेली खालची भानगड मात्र फेऱ्यागणिक बोलू शकते. हे मोजता येत नाही, पण कानाला 'वेगात' आणि 'निम्म्या वेगात' यातला फरक कळतो. तबल्याचा ठेका कळतो तसा. मिस्तरींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून एकेक जागा ऐकली. खाली ऑइल चेंबरजवळ आवाज बारीक, वर हेडजवळ तिसऱ्या सिलेंडरपाशी मोठा.

मग त्यांनी फडकं धरून तिसऱ्या नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल केला. त्या सिलेंडरला डिझेल जाणं बंद. ठोका गायब!

पुतण्या ओरडला, "म्हणजे कनेक्टिंगच की!" आणि खरं सांगायचं तर बहुतेक जण इथेच थांबतात. कारण बेअरिंग गेलेलं असतं तरी हेच झालं असतं. सिलेंडरमध्ये जळणं थांबलं की रॉडवरचा दाब कमी होतो आणि ठोकाही मंदावतो. म्हणजे या चाचणीने सिलेंडर सापडला, गुन्हेगार सापडला नाही. सत्तर हजारवाल्या गॅरेजने एवढीही चाचणी केली नव्हती, आणि केली असती तरी निकाल तोच दिला असता.

मिस्तरी म्हणाले, "आता अदलाबदल करू. ठोका नोझलासोबत गेला तं नोझल. तिथीच राह्यला तं कनेक्टिंग."

पहिल्या आणि तिसऱ्या सिलेंडरची नोझलं काढून एकमेकांच्या जागी बसवली. तास गेला. गाडी चालू केली. ठक-ठक-ठक. आता पहिल्या सिलेंडरमधून!

मंडळी, मी सोळा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'दोन शक्यता उरल्या आहेत, आणि एक बदल असा करतो की दोन्हींचा परिणाम वेगवेगळा दिसेल' हे इतक्या स्वच्छपणे करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. आमच्याकडे प्रॉडक्शनला काही फुटलं की पहिला अर्धा तास 'सर्व्हर रीस्टार्ट करून बघूया का' यात जातो.

मागे काय घडत होतं तेही सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि क्षणभराने आपोआप पेटतो. त्या क्षणभरात जेवढं डिझेल साठतं ते एकदम पेटतं, म्हणून प्रत्येक डिझेल गाडी थोडी तरी टकटकतेच. डीलरचा माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता. नव्या कॉमन रेल गाड्या आधी चिमूटभर आणि मग बाकीचं डिझेल सोडतात, म्हणून त्या गप्प असतात. दादांच्या गाडीचं नोझल धुक्यासारखा फवारा न मारता धार सोडत होतं, थेंब थेंब गळत होतं. जास्तीचं डिझेल एका झटक्यात पेटायचं आणि ठोका बसायचा. पंपवाल्याकडे टेस्टिंग मशीनला लावलं तेव्हा ती धार डोळ्यांनी दिसली.

तरीही मिस्तरींनी बेअरिंगचा संशय अर्धवट सोडला नाही. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनचा दाब पाहिला. थोडं ऑइल पांढऱ्या झाकणावर काढून उन्हात धरलं आणि त्यावर लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला चिकटतं ते लोखंड. बेअरिंगवरचा मऊ थर तांबं, शिसं, ॲल्युमिनियम असल्या धातूंचा असतो, तो चिकटत नाही, नुसता चमचमतो. चमचम नव्हती. नवं नोझल, खालच्या तांब्याच्या वॉशर, पंपवाल्याचे पैसे आणि हे पाचशे, सगळं मिळून चार हजारांच्या आत काम झालं.

आणि ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया काय? "नुसतं ऐकायचे पाचशे घेतले? गॅरेजवाला तर फुकट सांगत होता!"

अरे बाबांनो, तो फुकटचा सल्ला सत्तर हजारांचा होता. फुकट निदान असं काही नसतंच, त्याची किंमत पार्टात आणि मजुरीत लपवलेली असते. ज्या माणसाची कमाई इंजिन खोलण्यावर अवलंबून आहे, त्याला 'खोलू का?' असं विचारायचं आणि तो 'नको' म्हणेल अशी आशा करायची? मी गॅरेजवाल्यांना चोर म्हणत नाहीये. बरेचसे तर मनापासूनच 'बेअरिंग' म्हणतात. पण तीन तास शोधत बसायला त्यांना परवडत नाही, कारण ते तीन तास आपण विकत घेत नाही. आपण विकत घेतो बेअरिंग. म्हणून आपल्याला बेअरिंग मिळतं.

दुसरी बाजूही बघा. समजा खरोखरच बेअरिंग असतं. मग 'डिझेल आहे, आवाज करणारच' ऐकून दादांनी आणखी महिनाभर सवाऱ्या नेल्या असत्या तर क्रँक खरवडला गेला असता, आणि नशीब वाईट असतं तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असता, तोही भरलेल्या गाडीत. लवकर कळलं तर कधी कधी नुसत्या बेअरिंगच्या वाट्या बदलून भागतं. म्हणजे पाचशे रुपयांचं निदान नेहमी स्वस्तच सांगेल असं नाही. ते कधी कधी 'आत्ताच्या आत्ता गाडी उभी करा' असंही सांगेल. हे ऐकण्याचेही पैसेच द्यायचे असतात.

जाड्या ऑइलचा आणि बाटलीचा सल्ला मात्र मला सगळ्यात जास्त डाचतो. कारण त्यातून आवाज बंद होतो. खरंच होतो, काही दिवस. जुन्या गाड्यांच्या बाजारात ही युक्ती जुनी आहे: विकायच्या आधी दाट ऑइल भरायचं, गाडी गरम करून दाखवायची. आवाज बंद करणं आणि आवाजाचं कारण शोधणं यातला फरक न कळल्याने काय होतं याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे, आणि तेही इंजिनच्या ठोक्याचंच.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत पेट्रोल गाड्या ठोकायला लागल्या तेव्हा लोकांनी दोष दिला चार्ल्स केटरिंगच्या नव्या बॅटरी इग्निशनला. नवा पार्ट दिसला की गुन्हेगार तोच, ही मानवजातीची जुनीच सवय. केटरिंगने १९१६ मध्ये थॉमस मिजली नावाच्या तरुण इंजिनिअरला हे कोडं दिलं. मिजलीने इंजिनला खिडकी पाडून आत काय घडतं ते पाहिलं आणि दाखवून दिलं की दोष ठिणगीचा नाही, इंधन ज्या पद्धतीने जळतं त्याचा आहे. इथपर्यंत उत्तम निदान, आमच्या मिस्तरींच्या तोडीचं. पण मग शोध सुरू झाला तो आवाज बंद करणाऱ्या औषधाचा. अल्कोहोल मिसळलं तर ठोका कमी होतो हे त्यांना माहीत होतं. पण डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं. शिशाचं संयुग. चिमूटभर पुरतं, ठोका गायब. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला खुद्द मिजलीला शिशाची बाधा होऊन सुट्टी घ्यावी लागली होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे इथल्या रिफायनरीत कामगार वेड लागल्यासारखे होऊन मेले. तरी शिसं चालूच राहिलं. भारतातलं पेट्रोल शिसेमुक्त व्हायला फेब्रुवारी २००० उजाडला आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, थांबला २०२१ मध्ये. शंभर वर्षं! एक आवाज येऊ नये म्हणून तीन-चार पिढ्यांनी शिसं हुंगलं.

(त्याच १९२१ साली मँचेस्टरमध्ये आमच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन बनलं आणि ते १९९४ पर्यंत मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूर करत राहिलं. त्याला कुणी बाटली ओतून चालवलं नसणार एवढं नक्की.)

अल्कोहोलचा विषय निघालाच आहे तर ई-२० बद्दल. २०२५ पासून बहुतेक सगळीकडे हेच पेट्रोल मिळतं, आणि तेव्हापासून पेट्रोल गाडीत काहीही वाजलं की 'इथेनॉलमुळे' हे उत्तर तयार असतं. मायलेज कमी झालं ही तक्रार खरी आहे. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, त्यामुळे फरक पडणारच. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलबद्दलची काळजीही रास्त आहे, आणि ग्राहकाला पर्याय न ठेवता हे गळ्यात मारलं याचा राग मलाही आहे. पण ठोका? इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा चांगलंच वर असतं. मिजलीच्या काळापासून ते ठोका कमी करणारं म्हणूनच माहीत आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी खळखळत असेल तर आधी सिलेंडरमध्ये साचलेला कार्बन बघा, इग्निशनचं टायमिंग बघा, गाडी तापते का बघा. आणि गिअर खाली आणा राव, इंजिनने किती सोसायचं! सरकारवरचा राग वेगळा आणि निदान वेगळं.

तापण्यावरून ते खारं पाणी आठवलं. मिस्तरींनी इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. आत पांढरे थर. "पानी कुठलं टाकता?" दादा म्हणाले, बोअरचं. भातकुली म्हणजे पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातलं गाव. मिस्तरी म्हणाले, "जे पानी जनावर पीत नाई ते इंजिनाले पाजता?" क्षार बसले की रेडिएटर चोंदतो, इंजिन तापतं, हेडचं पॅकिंग उडतं, पिस्टन धरतो, आणि मग जो ठोका येतो तो नोझल बदलून जात नाही. गावात हे पाणी वर्षानुवर्षं गाड्यांत जातंय. कुठल्याही स्कॅनरच्या पडद्यावर हे येत नाही.

स्कॅनरबद्दल माझा आक्षेप यंत्राला नाही. (मी पोट भरतो त्यावरच.) आक्षेप आहे तो 'स्कॅन क्लीन आला' हे वाक्य निदान म्हणून विकण्याला. पेट्रोल गाडीतला नॉक सेन्सर ठराविक पट्ट्यातली कंपनं ऐकतो आणि टायमिंग मागे घेतो. त्याचा पी-०३२५ हा कोड त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड आहे एवढंच सांगतो. तो पाहून बेअरिंग बदलणारे आणि तो नाही म्हणून बेअरिंग ठणठणीत समजणारे, दोघेही कोड वाचतायत, गाडी नाही. जुन्या गाड्या विकणारे लोक आजकाल दोनशे-दोनशे मुद्द्यांची तपासणी करून हिरव्या टिकांचा कागद देतात. कागद छान असतो. त्यात 'गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ऐकली' हा मुद्दा कितवा आहे, ते एकदा विचारून बघा.

कायदा काय करतो? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी नियम केले, एप्रिल २०२३ पासून लागू. डीलरने अधिकृत नोंदणी घ्यायची, गाडी त्याच्याकडे आली की मालक म्हणून जबाबदारी त्याची, फेऱ्यांची नोंद ठेवायची. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने डीलरच्या नफ्यावरचा कर सरसकट १८ टक्के केला. म्हणजे आरसी कुणाच्या नावावर आणि सरकारचा वाटा किती, हे दोन्ही प्रश्न सुटले. इंजिन कसं आहे हा प्रश्न शेवटी तुमचाच. डीलरने फसवलं तर ग्राहक आयोगात जाता येतं, २०१९ च्या कायद्याने पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी पण लागत नाही. पण तिथे जाऊन काय दाखवणार? व्हॉट्सॲपवरची ठकठक? तिथे लागतो कागद: अमुक तारखेला, अमुक किलोमीटरला, अमुक चाचणीत हा दोष दिसला, असं लिहून सही केलेला. आणि फुकट बघणारा माणूस असं कधीच लिहून देत नाही. पाचशे रुपये घेणाऱ्याकडे तो मागता येतो. आमच्या मिस्तरींनी वहीच्या पानावर चार ओळी लिहून दिल्या, अक्षर भयंकर, पण त्यात सिलेंडरचा नंबर, ऑइलचा दाब आणि तारीख आहे.

आता नेहमीचा आक्षेप येणार: पाचशे घेऊनही खोटं सांगितलं तर? सांगू शकतो. म्हणूनच निदान करणारा आणि दुरुस्ती करणारा शक्यतो वेगळा ठेवा, आणि पहिल्यालाच आधी सांगा की काम तुमच्याकडे देणार नाही, फक्त सांगायचे पैसे घ्या. आणि त्याला एकच प्रश्न विचारा, जो कोड रिव्ह्यूमध्ये आपण एकमेकांना विचारायला हवा पण विचारत नाही: 'तुमचं म्हणणं चूक असेल तर ते कशावरून कळेल?' अदलाबदलीसारखी एखादी चाचणी त्याच्याकडे असेल तर माणूस बरोबर. 'तीस वर्षांचा अनुभव आहे साहेब' एवढंच उत्तर आलं तर पाचशे देऊन निघा, तेवढ्यात स्वस्तात सुटलात.

दुसरा आक्षेप आमच्याच जमातीचा: 'एवढं कोण करतं, सरळ नवी गाडी घ्यावी.' घ्या की. तुम्ही जी विकणार ती पुढे कुठे जाते माहीत आहे का? पुण्याहून अमरावती, अमरावतीहून भातकुली. तुम्ही विकताना दाट ऑइल घालून, दुपारी गरम करून दाखवलेली गाडी शेवटी कुणाच्या तरी खताच्या पैशातून उघडली जाते.

आमच्या कंपनीत माझ्या एका तासाचा जो दर क्लायंटला लावतात तो मी इथे लिहीत नाही, दादा हा ब्लॉग वाचतात. त्या तासात मी पुष्कळदा नुसते लॉग वाचत असतो आणि शेवटी 'तुमच्या कोडमध्ये काही दोष नाही, डेटाच चुकीचा येतोय' असं एका ओळीत कळवतो. क्लायंटने आजवर कधी विचारलं नाही की नुसतं वाचायचे एवढे कसे. मिस्तरींचे तीन तास, दोन नोझलांची काढघाल आणि एक लेखी अहवाल, याचे पाचशे. ग्रुपवरच्या भांडणात मी दादांना सुचवलं की पुढच्या वेळी हजार द्या. दादांनी अंगठा दाखवलाय. तो होकाराचा की मला गप्प बसवायचा, ते अजून कळलेलं नाही.

ता. क. हे वाचून कुणी आपल्या नव्या डिझेल गाडीच्या नोझलचा नट सैल करायला जाऊ नका. वरचा प्रकार जुन्या यांत्रिक पंपापुरता आहे. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, इंजिन चालू असताना तिथे उडालेली डिझेलची धार कातडीतून आत घुसते. दिसायला सुईचं टोचल्याएवढं दिसतं, पण बोट किंवा हात जाऊ शकतो. असं कुणाला झालंच तर घरी मलम लावत बसू नका, लगेच हॉस्पिटलला न्या आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' हे डॉक्टरांना आधी सांगा. त्या गाड्यांत सिलेंडर एकेक करून बंद करायचं काम स्कॅनरवरूनच करायचं असतं. आणि नोझलं अदलाबदल केली तर बऱ्याच गाड्यांत त्यांचे नंबर पुन्हा ईसीयूत भरावे लागतात.